व्हॅटसिमवर सात महिने: विमान सोपं, माईक अवघड

कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर सगळं बंद असलेलं एअरबस ए३२० पार्किंगमध्ये चालू करून मुंबईहून गोव्याला उतरवणं हा माझ्या हातचा मळ होता. चार वर्षं तेच तर करत होतो. मग एका मित्राच्या नादाने व्हॅटसिमवर गेलो. पलीकडून एका खऱ्या माणसाचा आवाज आला, "गुड इव्हिनिंग, गो अहेड", आणि माझी बोबडी वळली. मी चक्क नेटची वायर काढली.

नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. व्हॅटसिम हे २००१ पासून चालणारं फुकट जाळं आहे. आपण घरी सिम्युलेटर उडवायचा आणि दुसरा कोणीतरी त्याच्या घरी रडारच्या पडद्यासमोर बसून आपल्याला टॉवर, अप्रोच वगैरे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सेवा देणार. हे कंट्रोलर हौशी असतात, पण शिकून आणि परीक्षा देऊन त्या जागी बसतात. वयाची अट १३ वर्षं पूर्ण. सुरुवातीला छोटी प्रश्नावली सोडवावी लागते. मग मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी व्हीपायलट किंवा एक्स-प्लेनसाठी एक्सपायलट हे जाळ्याला जोडणारं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. सिमब्रीफ या संकेतस्थळावर फ्लाइट प्लॅनही फुकट तयार होतो. माझा खर्च म्हणजे हजारभर रुपयांचा हेडफोन, बस.

दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला. व्हीपायलटमध्ये ऑब्झर्व्हर म्हणून जोडता येतं, तसं जोडून आठवडाभर नुसता ऐकत बसलो. नवख्याला माझा हाच सल्ला: आधी कान तयार करा. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर' का म्हणतात ते खरखरीत आवाजात चार आकडे ऐकल्यावरच कळतं. आणि सगळं बोलणं ठरलेल्या क्रमाने येतं: कुठे जायचंय, कोणत्या मार्गाने, किती उंची, स्क्वॉक (रडारवर आपलं विमान ओळखू यावं म्हणून दिलेला चार आकडी कोड) किती. क्रम पाठ झाला की पुढचा शब्द कोणता येणार हे आधीच ठाऊक असतं. इंग्रजी कच्चं असल्याची भीती तिथेच संपते. लागतात ते जेमतेम दोनेकशे शब्द. पलीकडचा जर्मन किंवा ब्राझिलियनही आपापल्या हेलातच बोलतो.

कागद-पेन मात्र हवंच. एकदा स्क्वॉक सांगितला २२०४, मी घाईत लिहिला २२८४. पॅनलवर आठची कळच सापडेना! हा कोड पाठवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरमध्ये शून्य ते सात एवढेच आकडे असतात हे मला तेव्हा कळलं. कंट्रोलरने शांतपणे पुन्हा सांगितलं. रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवणं, हा उपचार नाही. अशा चुका तिथेच पकडल्या जातात. दुसरी चूक गोव्याची. दाबोळीचा कोड व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए. एका अक्षरापायी मी प्लॅन मोपाचा भरला आणि तोंडाने दाबोळी दाबोळी करत बसलो. "कन्फर्म डेस्टिनेशन?" असं दोनदा विचारल्यावर माझी ट्यूब पेटली.

आणि कुकर. बोलायची कळ अडकून राहिली होती, मला पत्ता नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या दोन शिट्ट्या आणि "अरे, जेवायला येतोस की नाही?" ही आईची हाक पूर्ण फ्रीक्वेन्सीने ऐकली. तेवढा वेळ कोणालाच बोलता आलं नाही. तेव्हापासून ती कळ मी कीबोर्डवरून काढून जॉयस्टिकवर घेतली आहे.

बोलायची लाज वाटत असेल तर प्लॅनमध्ये तसं नोंदवून टाईप करता येतं. माझं मत विचाराल तर त्यात अडकू नका. उतरताना एक हात स्टिकवर, एक थ्रॉटलवर. टाईप करायला तिसरा हात आणायचा कुठून? बोलणं परवडलं. अजून एक: रनवेवर विमान ठेवून जोडू नका. सिम्युलेटर बरेचदा तिथेच उभं करतो आणि मागे कोणीतरी उतरायला आलेला असतो. आधी पार्किंग निवडा.

आपल्याकडचं आकाश मात्र बरेचदा रिकामं. मी मुंबईहून निघतो तेव्हा आठवड्यातल्या बहुतेक दिवशी कोणी कंट्रोलर नसतो. मग १२२.८०० या सामाईक फ्रीक्वेन्सीवर आपली हालचाल आपणच जाहीर करायची. सराव म्हणून ठीक, पण मजा नाही. एखाद्या शनिवारी मुंबईचा कार्यक्रम ठरला की मात्र २७ नंबरच्या रनवेसमोर रांग लागते, आणि त्या रांगेत 'आयफ्लाय' (इंडिगोचं रेडिओवरचं नाव) म्हणून उभं राहण्यात जे सुख आहे ते एकट्याने उडवण्यात नाही. युरोपातली गर्दी बघायची तर जागरणाची तयारी ठेवा. सगळ्या वेळा झुलूमध्ये, म्हणजे ग्रीनिच वेळेत असतात. झुलूचे संध्याकाळचे १८ म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. हीथ्रोला उतरून दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या काढल्या आहेत.

विमानतळाचे चार्ट, म्हणजे नकाशे, पाहून घ्या एवढंच सांगतो. भारतातले चार्ट भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. टॅक्सीवेचं, म्हणजे पार्किंग ते रनवे या रस्त्याचं नाव न समजता "विल्को" (सांगितलं तसं करतो) म्हणणारे वैमानिक कंट्रोलरला नकोसे होतात. 'मी नवीन आहे' असं सरळ सांगितलं तर मात्र मला आजवर कोणी झिडकारलं नाही. एकाने तर मला थांबवून ठेवून मागच्या दोघांना पुढे काढलं आणि मग टॅक्सीचा रस्ता तुकड्या-तुकड्याने सांगितला.

गेल्या महिन्यापासून मी उलट्या बाजूला बसून बघतोय, कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑब्झर्व्हर म्हणूनच. तिथे प्रत्येक विमान म्हणजे एक ठिपका आणि शेजारी दोन ओळी. परवा एक ठिपका पार्किंगमधून निघाला, चुकीच्या वळणावर वळला आणि मधेच थांबला. दहा सेकंद फ्रीक्वेन्सीवर शांतता. मग दबकत आवाज आला, "सॉरी सर, फर्स्ट टाइम."