माळ्यावरचा देव

ॲमस्टरडॅमला लेकाकडे येऊन मला दोन महिने झाले. संग्रहालयं पुष्कळ पाहिली, पण दुसऱ्यांदा गेले ती एकाच ठिकाणी. ‘ऑन्स लीव्ह हेर ऑप सोल्डर’ असं त्याचं लांबलचक डच नाव आहे. अर्थ साधा: आमचा प्रभू माळ्यावर. एका व्यापाऱ्याच्या घराच्या माळ्यावर लपवलेलं हे चर्च आहे. मी मडगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. या घरात जे पाहिलं ते मुलांना दाखवायला मिळालं असतं तर, असं दोन्ही वेळा वाटलं.

सोबत सून होती. ती गोव्यातल्या कुंकळ्ळी गावची, कॅथलिक. आमची कुलदेवता शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. नावात कुंकळ्ळी असली तरी देवी असते फातर्प्याला. तसं का, ते पुढे येईलच.

सेंट्रल स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत चालत पोचता येतं. कालव्याकाठचा हा भाग लाल दिव्यांच्या वस्तीतला आहे. आम्ही दोघी बायका भरदिवसा गेलो, कसलीच अडचण आली नाही. शेजारच्या नव्या इमारतीत तिकीट काढायचं, पिशव्या कपाटात ठेवायच्या आणि गल्लीच्या खालून नेलेल्या वाटेने जुन्या घरात शिरायचं. कानाला लावायचं माहितीयंत्र तिकिटातच येतं. ते जरूर घ्या, आणि घाई करू नका. खोली-खोलीत उभं राहून निवांत ऐकण्यासारखं आहे. जुन्या फरशा झिजू नयेत म्हणून बुटांवर आवरणं चढवायला देतात. देवळात चपला काढायची सवय असलेल्या माझ्यासारखीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घर यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याचं. 1661 साली त्याने कालव्यासमोरचं हे घर आणि त्यामागची दोन घरं घेतली, आणि 1663 पर्यंत तिन्हींचे वरचे मजले एक करून तिथे चर्च बांधलं. खाली संसार. दिवाणखाना असा नेटका की डावी बाजू दुमडली तर उजवीवर तंतोतंत बसेल. पुढे अरुंद जिने आणि पाद्रीबाबांचं भिंतीतल्या कपाटासारखं बिछान्याचं खोपटं. त्यात माणूस पाय पसरून कसा झोपत असेल, कोण जाणे. हे सगळं बघत, कठडा धरून वर चढत असताना पुढे काय आहे याचा काही अंदाज येत नाही. मग एक दार ओलांडलं की एकदम उंच छत, वेदी, ऑर्गन, बाकांच्या रांगा.

मी दारातच थांबले. सून पुढे गेली, नकळत तिने खुरिसाची खूण केली आणि मागे वळून हळूच म्हणाली, “आई, पळय गो, देवाक लिपयला हांगा.” म्हणजे, बघ गं, देवाला लपवलाय इथे.

या माळ्यावर दीडशेच्या आसपास माणसं मावत. जागा पुरावी म्हणून मधली जमीन कापून दोन्ही बाजूंना दोन मजली सज्जे केलेत, आणि ते लोखंडी सळ्यांनी छताला टांगून धरलेत. भिंतींचा रंग जांभळट गुलाबी. एकोणिसाव्या शतकात होता तसाच तो पुन्हा दिलाय. वेदीवर याकोब दे विट या चित्रकाराने काढलेलं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र आहे. मला सगळ्यात आवडलं ते प्रवचनाचं व्यासपीठ. ते वेदीच्या खांबाच्या पायथ्यात दडवलेलं असतं, बाहेर ओढलं की उभं राहतं, काम झालं की परत आत. अडचणीतल्या सुताराची ही बुद्धी बघून मी किती वेळ तिथेच रेंगाळले.

आता हे लपवावं का लागलं? 1578 साली ॲमस्टरडॅमचा कारभार प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, हाती गेला. जुनी चर्चं त्यांनी घेतली आणि कॅथलिकांच्या जाहीर उपासनेवर बंदी आली. गंमत अशी की त्याच्या पुढच्याच वर्षी, डच प्रांतांनी एकत्र येऊन केलेल्या 1579 च्या उत्रेख्तच्या करारात, प्रत्येकाने आपल्या धर्मात मोकळं राहावं आणि धर्मावरून कोणाची चौकशी किंवा छळ होऊ नये, असं तेराव्या कलमात लिहिलं गेलं होतं. यातून वाट निघाली ती अशी: मनात काय मानायचं ते माना, घरात जमा, पण रस्त्यावरून चर्च दिसता कामा नये. घंटा नाही, शिखर नाही. वर अधिकाऱ्यांचे हात ओले करायचे. चर्च आहे हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. न दिसण्याची ती किंमत होती.

कॅथलिकांवरच एवढा राग का, असं सुनेने विचारलं. त्या वेळी डच लोक कॅथलिक स्पेनशी ऐंशी वर्षं लढले होते. त्यामुळे शेजारचा कॅथलिक म्हणजे शत्रूचा माणूस, हा संशय रक्तात मुरलेला. उलट पोर्तुगालच्या इन्क्विझिशनला, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाला, कंटाळून पळून आलेल्या ज्यूंनी याच शहरात 1675 साली भलंमोठं सिनेगॉग, म्हणजे आपलं प्रार्थनास्थळ, उघडपणे बांधलं. ते अजून उभं आहे, जमल्यास त्याच दिवशी पाहा. एकाच गावात एकाला मोकळीक आणि दुसऱ्याला माळा. कोणाचा धर्म चालेल हे देवाधर्माच्या चर्चेतून ठरलं नव्हतं. कोणाच्या निष्ठेवर संशय आहे, यावरून ते ठरलं होतं. शाळेत मी हा धडा तारखांचा म्हणून शिकवला. तो असा शिकवायला हवा होता.

आणि ज्या पोर्तुगालातून ते ज्यू पळाले, त्याच पोर्तुगालने गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन आणलं. ते 1812 पर्यंत राहिलं, मधली थोडी वर्षं सोडून. त्याच सुमाराला मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला. आमची देवी कुंकळ्ळीहून फातर्प्याला गेली. तिथे तेव्हा पोर्तुगीज नव्हते, आदिलशहाचा अंमल होता. हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला तो विजापूरच्या मुसलमान सुलतानाच्या मुलखात, हे आमच्याकडे फार कमी वेळा सांगितलं जातं. 1583 साली देवळं मोडल्याच्या रागात कुंकळ्ळीच्या गांवकारांनी, म्हणजे गावच्या मूळ वतनदार घराण्यांनी, जेझुइट संघाच्या पाच पाद्र्यांना मारलं. त्यांतले एक रोदोल्फो आक्वाविवा, अकबराच्या दरबारात धर्मचर्चेला राहून आलेले. मग पोर्तुगीजांनी गांवकारांच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. माझ्या सुनेच्या गावातली ही हकिगत. तिचे पूर्वज आणि माझे पूर्वज तेव्हा एकाच देवीपुढे नारळ ठेवत असतील.

इथल्या पर्यटकांच्या माहितीपुस्तकांत या घरावरून डच सहिष्णुतेचं कौतुक केलेलं असतं. मला ते अर्धंच पटतं. गोव्यातल्या चौकश्या आणि शिक्षा आठवल्या की माळासुद्धा दयेचाच वाटतो, हे खरं. पण अशी सहिष्णुता सहन करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. उद्या अधिकारी बदलला, पैसे वाढवले, तर दाद कुठे मागायची? डच कॅथलिकांना कायद्याने मोकळीक मिळायला 1795 नंतरची राजवट यावी लागली, म्हणजे माळ्यावर सव्वाशेच्या वर वर्षं गेली.

म्हणून मला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम आठवलं. 10 डिसेंबर 1948 ला तो संमत झाला. धर्म बाळगण्याचा, बदलण्याचा, आणि तो एकट्याने किंवा इतरांबरोबर, जाहीरपणे किंवा खाजगीत आचरण्याचा हक्क त्यात आहे. ‘जाहीरपणे’ हा शब्द मी वर्गात कित्येकदा वाचला असेल, पण त्याचं मोल मला त्या सज्जाखाली उभं राहून कळलं.

जाहीरनाम्यावरच्या मतदानात सौदी अरेबिया तटस्थ राहिला, धर्म बदलण्याची मुभा त्याला मान्य नव्हती. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी मात्र या कलमाची बाजू घेतली. ते स्वतः अहमदिया, म्हणजे बहुतेक मुसलमान ज्याला आपलं मानत नाहीत त्या पंथाचे. त्यांच्याच देशात 1984 च्या अध्यादेशाने अहमदियांना आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणायला आणि अजान द्यायला मनाई झाली. त्यांच्या प्रार्थनास्थळांचे मिनार पाडले गेले. रस्त्यावरून दिसता कामा नये, हा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा ॲमस्टरडॅमचा नियम तिथे आज जिवंत आहे. आणि युरोपनेही फार मान वर करू नये. 2009 मध्ये स्वित्झर्लंडने सार्वमत घेऊन नवे मिनार बांधायला बंदी घातली, तीही 57.5 टक्के मतांनी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. जिने खडे आणि अरुंद आहेत, चाकाची खुर्ची माळ्यापर्यंत जात नाही. माझे गुडघे कुरकुरतात, मी दर मजल्याला बसून घेतलं. इथला वार्षिक संग्रहालय पास चालतो. दीड-दोन तास हाताशी ठेवा. 1888 पासून हे संग्रहालय आहे, तरी वर अजूनही अधूनमधून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते, लग्नंही लागतात. लहान मुलांना न्या, त्यांना जिने आणि दडलेल्या खोल्या फार आवडतील. मी पाचपैकी पाच देते.

परतताना ट्राममध्ये सून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, फाल्गुनात रजा काढते.” फातर्प्याहून देवी दरवर्षी छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीला, आपल्या जुन्या जागी येते. गावातले कॅथलिकही तिच्या स्वागताला येतात. सुनेच्या माहेरच्या दारावरून ती मिरवणूक जाते, आणि लग्न झाल्यापासून तिला ती बघायला मिळालेली नाही. लेकाने तिकिटं पाहायला घेतली आहेत.