लिहून घेणार, लिहून देणार: नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या टायपिंगवाल्या काकांचा अनुभव

उसने पैसे देत होते मी आणि त्याच्या कागदावर मीच ‘लिहून घेणार’. मैत्रीण पैसे घेत होती, तर ती ‘लिहून देणार’. बाकावर बसून आम्ही दोघी आधी यावरच हसलो. काका मान वर न करता म्हणाले, “कागद कोण लिहून देतंय ते बघायचं ताई, पैसे कोण देतंय ते नाही.”

जिल्हा न्यायालयाच्या आसपास कॉम्प्युटर-प्रिंटर मांडून बसणारे बरेच आहेत, त्यातल्या एकांबद्दल हे. पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. हातउसन्या पैशांचा कागद करायला कुठे जायचं, हे मला क्लासमधल्या तिघी-चौघींनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी सिडकोत शिवणाचा क्लास घेते. आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईला लग्नकार्यासाठी ३५ हजार रोख दिले होते. ना कागद, ना साक्षीदार. वर्षभर ‘पुढच्या महिन्यात नक्की’ चाललं, मग पवननगरच्या भाजीबाजारात मला बघून ती गल्ली बदलायला लागली. खरं सांगते, नंतर नंतर मीच गल्ली बदलायचे. पैसे माझे आणि तोंड चुकवत फिरणारीही मीच!

या वेळची मैत्रीण शाळेपासूनची. तिच्या नवऱ्याचं अंबडला फॅब्रिकेशनचं लहानसं युनिट आहे. एका कंपनीकडे बिल अडकलंय. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे म्हणे, इथे पाचवा महिना चालू होता. त्यात मुलाच्या कॉलेजची फी. ८० हजार हवे होते. ती पाटल्या रुमालात बांधून घेऊन आली होती. म्हटलं, त्या आधी हातात घाल, मी काय सावकार आहे? पण कागद करू. यावर ती गप्प झाली. चहा निवला तरी गप्पच. मग म्हणाली, “कर बाई, नाहीतर तू रोज मनात हिशेब करत बसशील.” ओळखते मला.

आता काकांकडे वळते. त्यांनी पहिलं विचारलं, “व्याज आहे का?” नाही म्हटल्यावर ‘बिनव्याजी’ हा शब्द स्वतःहून घातला. दुसरं, “रोख देताय?” मी पिशवीवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. २० हजार किंवा त्यावरची रक्कम उसनी म्हणून रोखीत घेता येत नाही, आयकराचा दंड बसतो, आणि तो घेणाऱ्याला बसतो, हे मला त्या बाकावर कळलं. मदत करायला जाऊन मैत्रिणीलाच अडकवलं असतं. मग तिथेच मोबाइलवरून बँक ट्रान्सफर केली आणि काकांनी व्यवहाराचा नंबर कागदात टाकला.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. “परत कधी, तारीख टाकू की मागाल तेव्हा?” मी मोठ्या मनाने म्हटलं, मागेन तेव्हा. काका थांबले, चष्मा काढला. “ताई, तसं लिहिलंत तर कोर्टात दावा लावायची तीन वर्षांची मुदत आजपासूनच सुरू. तुम्ही भिडेपोटी मागणार नाही, आणि मुदत निघून जाईल.” माझे ३५ हजार असेच कालबाह्य झाले असणार. मैत्रिणीनेच सांगितलं, दर महिन्याच्या १० तारखेला पाच हजार, सोळा हप्ते. त्यावर काका म्हणाले की हप्ते-अटी घालायच्या तर नुसत्या रेव्हेन्यू तिकीट लावलेल्या पावतीवर भागणार नाही, करारनामा करा आणि स्टॅम्प पेपर घ्या. शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, पाचशेचाच. मला तो जड गेला, पण घेतला.

“एक चेक पण घेऊन ठेवा, तारीख न टाकता,” असंही सुचवलं त्यांनी. तो मी घेतला नाही. चेक परत गेला की नोटीस, मग फौजदारी. शाळेत एका डब्यात जेवलेल्या मुलीला मी कोर्टात उभी करणार नाही, हे मला माहीत होतं. मग धाक तरी कशाला घालायचा? काकांनी आग्रह केला नाही, हेही नोंदवते.

तक्रारी आहेतच. पहिली प्रिंट आली तेव्हा कलम चारमध्ये ‘सदर ट्रॅक्टर’ होता! आधीच्या गिऱ्हाइकाच्या कागदावरच आमची नावं चढवली होती. मैत्रीण मोठ्याने वाचत होती, “सदर ट्रॅक्टर सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील,” आणि शेजारच्या बाकावरचे दोन वकीलही हसायला लागले. काका ओशाळले, दुसरी प्रिंट फुकट दिली. त्यातही अक्षरी रक्कम ‘अठ्ठ्याऐंशी हजार’ झाली होती. तिसरी बरोबर. तेव्हा सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा, विशेषतः अंक आणि अक्षरं जुळतात का ते.

बसायला एकच बाक, डोक्यावर पंखा नाही, नोटरी जेवायला गेले म्हणून पाऊण तास गेला. दोन साक्षीदार आपले न्यावेत. आम्ही माझा दीर आणि तिची जाऊ यांना नेलं होतं, तर त्या दोघांनी मिसळ खाऊन येतो म्हणून अर्धा तास आणखी खाल्ला. आधार कार्डाच्या झेरॉक्स घरूनच न्या. गाडी लावायला जागा मिळणार नाही, सिटीलिंकच्या बसने जा.

टायपिंगचे दीडशे, नोटरीचे वेगळे. मी पाचपैकी चार देईन, एक ट्रॅक्टरचा कापला.

कागद होऊन पाच महिने झाले. चार हप्ते वेळेवर आले. पाचव्याला १० तारखेच्या आधीच तिचा फोन, “या वेळी १८ ला देते गं, चालेल ना?” आणि मग पुढे पाऊण तास सुनेच्या डोहाळजेवणाला कोणती साडी नेसायची यावर. १८ ला पैसे आले. सोबत दोन शब्दांचा मेसेज होता: ‘सदर ट्रॅक्टर’.