अपशिंग्याचे स्मारक की बसऱ्याचे?

ब्रिटिश साम्राज्याच्या परराष्ट्र धोरणाचा पुरावा म्हणून साताऱ्याच्या अभ्यासकाने जवळचे अपशिंगे (मिलिटरी) येथील स्मारक निवडावे की इराकमधील बसऱ्याचे? पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ सैनिकांचे अपशिंग्यातील स्मारक त्या धोरणाची किंमत कोणत्या घरांनी मोजली हे सांगते. मात्र ही माणसे समुद्रापार का पाठवली गेली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

१९२९ मध्ये उभे राहिलेले बसऱ्याचे स्मारक या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते. त्यावरील ४० हजारांहून अधिक मृतांच्या नोंदीचा काळ १९१४ पासून ऑगस्ट १९२१ पर्यंतचा आहे. म्हणजे १९१८ मध्ये युद्ध थांबल्यावरही, १९२० चा इराकी उठाव मोडताना, हिंदी फौज तिथे मरतच होती, आणि इराणच्या आखातातील तेल व हितसंबंध राखण्यासाठी सुरू झालेली मोहीम दीर्घकाळच्या ताब्याकडे कशी सरकली, हे त्या अखेरच्या तारखेवरून उमगते. साध्या हिंदी शिपायांची तिथे नावे न कोरता पलटणवार केवळ संख्या दिली गेली, हे संतापजनक आहे, पण पुरावा म्हणून मोलाचेही आहे. धोरणाच्या अभ्यासासाठी मी बसराच निवडेन, मात्र निर्णयांची कारणे शोधताना मोहिमेचे सरकारी कागद शेजारी हवेतच.