उंबरा काढला: अण्णांसाठी बाथरूम सपाट करून घेतलं त्याचा अनुभव

अण्णा ८३ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना सांगायला नको, हॉलमधून वॉकर धरून नीट चालत आलेला माणूस दारात आला की थबकतो. पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात आणि धड मात्र पुढे जातं. आमच्या बाथरूमच्या दारात अडीच इंचाचा ग्रॅनाइटचा उंबरा होता, पलीकडे फरशी आणखी दोन इंच खाली. मे महिन्यात अण्णा तिथेच पडले. हाड वाचलं, पण कपाळाला चार टाके पडले. त्याच आठवड्यात बाथरूम फोडायचं ठरवलं.

नाशिकमधलं आमचं घर पहिल्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी. बाथरूम सात फूट बाय पाच, कमोड आतच. पहिल्या कंत्राटदाराने मधे काचेचं पार्टिशन सुचवलं, कोरडा भाग वेगळा, ओला वेगळा. दिसायला छान. पण काचेखाली पुन्हा पट्टी येणार, म्हणजे आतमध्ये दुसरा उंबरा! शिवाय अण्णांना आंघोळीच्या वेळी शेजारी माणूस लागतो. ओल्या भागाच्या त्या अडीच फुटांत दोघं मावणार कसे? दुसरा म्हणाला, ‘सगळी जमीन एक करू, पॅसेजच्या पातळीला आणू आणि पाणी मागच्या भिंतीकडे काढू.’ काम त्यालाच दिलं. आपल्याकडे बाथरूमभर पाणी सांडतं ते पूर्वीपासूनच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. खरी अडचण उंबऱ्याची आणि अरुंद दाराची असते.

त्याने जुना कोबा काढून नवा घातला, वॉटरप्रूफिंग केलं आणि पाणी भरून ४८ तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी खालच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत हात लावून पाहून आलो. कोरडं होतं. हा टप्पा कुणीही घाईत उरकू देऊ नका. मधल्या नहाणी ट्रॅपऐवजी मागच्या भिंतीलगत लांब जाळीचा चॅनल बसवला. उतार सात फुटांत एक इंच. एवढा उतार पायाला जाणवत नाही आणि पाणी मात्र वाहून जातं. फरशी मॅट, आर-११ पकडीची (आर-मागचा आकडा जितका मोठा तितकी ती कमी घसरते), तीही एक बाय एक फुटाची घेतली. लहान टाइल्सच्या सांध्यांमुळे पायाला पकड जास्त मिळते.

तक्रार आहे ती इथे. फरशी झाल्यावर मी दाराजवळ बादली ओतली, तर डाव्या कोपऱ्यात पाणी साचलं आणि हळूहळू पॅसेजकडे निघालं. ‘वायपर मारत जा की,’ असं उत्तर मिळालं. उंबरा नसलेल्या बाथरूममध्ये उतार चुकला तर अख्खं घर ओलं होतं, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. उरलेले पैसे थांबवले तेव्हा सहा टाइल्स काढून पुन्हा बसवून दिल्या. आता ठीक आहे.

दुसरी चूक आधाराच्या दांड्यांची. मिस्त्रीने त्या साध्या गिट्टीवर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकतात त्या प्लगवर) बसवल्या. चार इंची विटांची भिंत, माझं वजन ७८ किलो. मी लोंबकळून पाहिलं तर दांडी हलली. मग केमिकल अँकर (बोल्ट भोकात घट्ट धरून ठेवणारं रसायन) भरून पुन्हा बसवून घेतल्या. दांड्या मुद्दाम गडद निळ्या घेतल्या. पांढऱ्या टाइल्सवर स्टीलची दांडी अण्णांना दिसतच नव्हती.

दार दोन फुटांचं होतं, ते ९०० मिलिमीटर केलं आणि सरकतं बसवलं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलताही येत नाही. व्हीलचेअर वळवायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं लागतं, तेवढी जागा कमोडमुळे आमच्याकडे नाही. उद्या व्हीलचेअर आली तर सरळ आत न्यायची आणि मागे घेत बाहेर काढायची.

सर्वांत स्वस्त गोष्ट सर्वांत उपयोगी पडली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाराच्या रेषेवर पिवळी पट्टी चिकटवायला सांगितली, आणि तिच्या आत एक-एक फुटावर आणखी दोन. अण्णा पट्टीकडे बघतात, ‘एक’ म्हणतात आणि पाय उचलतात. पूर्वी त्याच दारात पाच-पाच मिनिटं जायची. हँडशॉवर त्यांना अजून आवडत नाही. म्हणून भिंतीवरच्या घडीच्या सीटशेजारी उंच स्टुलावर बादली ठेवतो. न वाकता तांब्याने अंगावर पाणी घेतात.

सगळे मिळून १,९०,००० रुपये आणि १९ दिवस लागले. तेवढे दिवस अण्णांना बहिणीकडे ठेवलं. चॅनलची जाळी दर रविवारी उचलून केस काढावे लागतात, विसरलं की पाणी तुंबतं. कमोडच्या उजव्या बाजूला एकच दांडी आहे. अण्णांचा डावा हात जास्त थरथरतो म्हणून तेवढी पुरेल असं वाटलं होतं, पण उठताना ते डावीकडेही हात टाकतात. तिथे भिंत नाही, त्यामुळे जमिनीत रोवायची घडीची दांडी मागवली आहे. ती बसली की इथेच लिहीन.