मधमाशीपालनाचं एक दिवसाचं सत्र: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

जानेवारीत जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या एका मळ्यात नवख्यांसाठीचं मधमाशीपालनाचं सत्र केलं. नंतर मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळायच्या युरोपियन जातीच्या, माश्यांच्या दोन पेट्या घेतल्या. आता कपाशी फुलोऱ्यात आहे, म्हणजे बोलण्याइतका अनुभव गाठीशी आला. पैसे वसूल झाले का? झाले. पण सत्र हिवाळ्यातलं होतं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

खरी कमाई म्हणजे हातातली भीती गेली. फळ्यावर राणी, कामकरी, नर काढत बसवलं नाही. तोंडावर जाळी चढवली, धुराड्यात गोवरी आणि गोणपाट पेटवलं आणि पेटीच्या बाजूला उभं केलं. समोर नाही, तिथे माश्यांची ये-जा. पटाशीने पोळ्याची चौकट सैल करायची, सरळ वर उचलायची, पेटीवरच धरायची आणि ऊन खांद्यावरून येऊ द्यायचं. मग पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी अंडं दिसतं, तांदळाच्या कणीहून बारीक. शिकवणाऱ्या दादांचं एकच पालुपद: "घाई नको करू भो, तिला तरी कुठे घाई आहे?" त्यांनी एक जाडसर नर उचलून माझ्या तळहातावर सोडला. नराला डंख नसतो हे ऐकलेलं होतं, पण तो हातावर घुं घुं करत चालायला लागला तेव्हा कुठे पटलं. चोपड्याच्या एक मावशी सकाळपासून ट्रॅक्टरच्या आडोशाला होत्या, त्यांनीही मग एक मागून घेतला.

नाश्त्याला मात्र केळं नाही. चारी बाजूंनी केळीचे बाग आणि ताटात केळं नाही! डंख मारताना माशी इशाऱ्याचा जो वास सोडते, त्यातलं मुख्य द्रव्य पिकल्या केळ्याच्या वासातही असतं. एवढ्यावरून कळलं की शिकवणारे कामातले आहेत.

"पेटी ठेवा, केळीचं उत्पन्न वाढेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपली केळी परागीभवनाशिवायच धरते. केळफुलातला मकरंद माशीला मिळतो, केळीला काही नाही. फायदा आहे तो कांद्याच्या बियाण्याला. डेंगळ्यातल्या, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या गोंड्यातल्या, एकेका फुलाचे पराग आधी झडतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणावाच लागतो.

आता तक्रार. उन्हाळा त्यांनी दोन वाक्यांत उरकला. इथे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, लागतात ३४-३५ अंश. मग कामकरी माश्या मध सोडून पाणी वाहतात आणि पंख हलवत बसतात. पेट्या आंब्याखाली नेल्या, वर ओलं गोणपाट टाकलं, शेजारी पसरट घमेल्यात खडे घालून पाणी ठेवलं, तेव्हा निभावलं. पावसाळ्यात फुलोरा नाही, म्हणून साखरेचा पाक द्यावा लागला. तरी एक वसाहत कमजोर पडलीच, पोळं खाणारा मेणकिडा शिरायच्या आत ती दुसरीत मिसळून टाकली. आणि कपाशीवरची फवारणी! बांधाच्या शेजाऱ्याशी गोडीत राहा. तो आदल्या दिवशी फोन करतो, मी पेट्या रात्रीच हलवतो. माश्या टिपणाऱ्या वेड्या राघू पक्ष्यांचं काय करायचं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

सत्राच्या शेवटी "आजच बुक करा" म्हणत पेट्या खपवायचा प्रयत्न झाला, तो आवडला नाही. घाई करू नका. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे, सोबत प्रशिक्षणही. आधी तिकडे चौकशी करा.

हौस म्हणून जाणाऱ्यांनी बिनधास्त जावं. पेट्या घ्यायच्याच असतील तर कुणाच्या तरी मळ्यावर मे महिन्यातली एक दुपारही काढा. आणि पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तिथल्या औषधपेटीत ॲलर्जीचं इंजेक्शन नव्हतं, मी विचारून पाहिलं.