सँड क्रीकचा रेंजर टॉक: वेळ काढून ऐकाच
अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ईड्स गावाजवळ आहे हे सँड क्रीक हत्याकांडाचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, एन्ट्री फ्री, शेवटचा रस्ता कच्चा. रेंजरनी (इथले माहिती देणारे सरकारी कर्मचारी) घाई न करता नीट सांगितलं की डॉ. जॉन इव्हान्स म्हणजे डॉक्टर, कट्टर मेथॉडिस्ट, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या संस्थापकांपैकी एक, आणि हाच माणूस इथला गव्हर्नर असताना २९ नोव्हेंबर १८६४ ला मेथॉडिस्ट पाद्री राहिलेल्या कर्नल चिव्हिंग्टनच्या सैन्याने शायान-अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींची वस्ती कापून काढली, सुमारे २३० जीव गेले, बहुतेक बायका, पोरं, म्हातारे. त्या वस्तीवर अमेरिकेचा झेंडा होता हो! ऐकताना घशात आवंढा आला. चिव्हिंग्टनच्याच सैन्यातल्या कॅप्टन सोलने गोळी चालवायला नकार दिला, त्याच्याबद्दल अजून ऐकायला आवडलं असतं. सावली फार कमी, पाणी सोबत न्या. पाच स्टार.