चौकोनी, जमिनीलगतचा, जोडता येणारा की वळणदार? डिझायनर सोफा निवडताना

आज विकले जाणारे बहुतेक डिझायनर सोफे मोजक्या जुन्या कल्पनांवर उभे आहेत. मूळ कल्पना ओळखता आली, की त्या सोफ्यावर कसं बसता येईल, तो किती जागा अडवेल आणि आधी कुठे खराब होईल, याचा अंदाज येतो. म्हणून रंग आणि कापड पाहण्याआधी हे पाहा.

चौकोनी, सरळ रेषांचा सोफा वास्तुकलेतून आला. अमेरिकन डिझायनर फ्लोरेन्स नोल या वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांच्याकडे शिकल्या होत्या. त्यांचा १९५४चा सोफा छोट्या इमारतीसारखाच आहे: धातूची चौकट, सपाट बैठक, चौकोनी टाके. त्याआधी १९२८ मध्ये ल कॉर्बूझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांनी क्लबातल्या जाड खुर्चीच्या आत दडलेला सांगाडा स्टीलच्या नळीचा करून बाहेर आणला आणि गाद्या त्यात नुसत्या बसवल्या. अशा रचनेत दबलेली गादी तेवढीच बदलता येते. नोल यांच्या सोफ्याची बैठक सुमारे ४३ सेंमी उंच असल्याने गुडघेदुखी असलेल्यालाही सहज उठता येतं. उणीव पाठीची: ती ठेंगणी असते, डोकं टेकत नाही, लांबलचक सिनेमा पाहताना मान अवघडते.

याच्या अगदी उलट टोगो हा जमिनीलगतचा सोफा. मिशेल ड्युकारॉय यांना १९७३ मध्ये तो सुचला दुमडलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबवरून, आणि त्याच्या सुरकुत्यांत ती ट्यूब आजही दिसते. आत लाकूड नाही, धातू नाही. वेगवेगळ्या घनतेचे फोमचे थर आहेत आणि तेच आकार धरून ठेवतात. बैठक ३८ सेंमीवर आणि सोफा पुढून मागपर्यंत १०२ सेंमी, त्यामुळे लोळायला याच्यासारखा दुसरा नाही. पण घरात वयस्क माणसं असतील तर हा एकमेव सोफा म्हणून घेऊ नका. हाताला आधार नसल्याने उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. अशा घडणीच्या नकलेत फसवणूक फोममध्येच होते. एकाच घनतेचा फोम भरला, की बैठक आणि पाठ जिथे मिळतात ती घडी आधी बसते. तिथे एक गुडघा रोवून पूर्ण भार टाका. खाली जमीन लागली तर सोडून द्या. सुरकुत्यांत चुरा आणि धूळ साचते, तेव्हा व्हॅक्यूमचं अरुंद तोंड हाताशी हवंच.

मारिओ बेल्लिनी यांचा जोडता येणारा सोफा कामालेओंदा (१९७०) म्हणजे ९० × ९० सेंमीच्या फुगीर बैठका, हुक, कड्या आणि तारेने जोडलेल्या. पाठ आणि हातही सुटे होतात. वरचेवर घर बदलणाऱ्यांनी हाच विचार करावा. सुटे भाग अरुंद जिन्यातूनही जातात. याच धर्तीचा सोफा घेताना जोड स्वतः सोडवून पुन्हा लावून पाहा. जोड सैल असेल तर गुळगुळीत फरशीवर भाग सरकतात आणि मधे फट पडते. पुढे भाग वाढवायचा असेल तर कापड आत्ताच जास्तीचं घेऊन ठेवा, नंतरच्या खेपेचा रंग तंतोतंत जुळेलच असं नाही.

वळणदार सोफ्यांचं सध्या फार वेड आहे. जाँ रॉयेर यांचा ‘ध्रुवीय अस्वल’ (१९४७) आणि व्लादिमिर केगन यांचे नागमोडी सोफे हे त्यांचे पूर्वज. केगन यांच्या ग्राहकांना भिंती मोठ्या चित्रांसाठी मोकळ्या हव्या होत्या, म्हणून सोफा खोलीच्या मध्यात आला. तो भिंतीला लावला की बिघडतो. मागची कड २०० सेंमी त्रिज्येची आणि टोकापासून टोकापर्यंत २४० सेंमी असेल, तर मध्य भिंतीला टेकवूनही दोन्ही टोकांशी ४० सेंमी जागा वाया जाते. समोरासमोर गप्पांना हा उत्तम. आडवं झोपायला नाही. छोट्या खोलीसाठी आमचा स्पष्ट नकार. मोठी खोली असली तरी आधी जमिनीवर चिकटपट्टीने पूर्ण आकार आखा आणि चारही बाजूंनी चालून पाहा.

या सोफ्यांवर हमखास दिसणारं बूक्ले कापड त्याच्या सुट्या फासांमुळे मांजराच्या नखांत अडकतं. मांजर असेल तर आकार तोच ठेवून दाट विणीचं मखमल मागा.